वळणावरचा

पार्किन नावाचा आलं आणि काकवी घातलेला केक केल्यावर लगेच खायचा नसतो. डब्यात चार दिवस मुरू द्यायचा, मग त्याला खरी चव येते. एनिड होलरॉइडने तो बुधवारी केला होता आणि रविवारी सकाळी त्याच्या दोन वड्या कागदात गुंडाळून सायकलच्या पिशवीत ठेवल्या. पिशवीत आणखी एक गोष्ट होती, नवीन लाल कापडाचा एक हातभर तुकडा. कडा तिने स्वतः शिवल्या होत्या.

बाहेर धुकं होतं. नोव्हेंबरातलं यॉर्कशरचं धुकं, मेंढीच्या ओल्या लोकरीचा वास असलेलं. एनिडने टायर दाबून पाहिले, क्लबची जुनी लोकरी जर्सी अंगात चढवली आणि दार ओढून घेतलं. आज ब्रॅकनशॉ सायकल क्लबच्या नव्या वाटेचं उद्घाटन होतं. डोंगरावरून कोल्ड स्टूपच्या चौकातून पलीकडे हॅगडेलला उतरायचं, तिथे चहा घ्यायचा, नदीकाठाने परत यायचं. सायकलवरून मुलूख हिंडणाऱ्या पाहुण्यांसाठी ही वाट आखली होती आणि तिला नाव दिलं होतं 'सगडन वाट'. क्लबचे सन्माननीय अध्यक्ष विल्फ सगडन यांच्या सेवेबद्दल!

सेवा! एनिडला हा शब्द आठवला की अजूनही तळपायाची आग मस्तकात जायची.

हे सगळं कळायला या मंडळींची एक रीत माहीत असायला हवी. पूर्वी क्लबच्या सहलीत वीस-पंचवीस जण निघत. कुणी दणकट, कुणी दमेकरी. अर्ध्या तासात रांग मैलभर लांबायची. म्हणून वळण आलं की म्होरक्याच्या मागचा गडी तिथे उतरायचा आणि वळायच्या दिशेला हात करून उभा राहायचा. हा 'वळणावरचा'. सगळ्यांच्या मागे एक जाणता माणूस, सायकलच्या सीटला, म्हणजे खोगिराला, लाल फडकं बांधलेला. हा 'पिछाडीचा'. तो वळणावर पोचला की वळणावरचा विचारायचा, "मागं अजून कुणी?" पिछाडीचा म्हणायचा, "मीच शेवटचा." मग वळणावरच्याची सुटका. तोपर्यंत पाऊस पडो, गारा पडोत, त्याने जागा सोडायची नाही.

एनिडचा मुलगा रसेल अशाच एका नोव्हेंबरात कोल्ड स्टूपला वळणावरचा म्हणून उभा राहिला. वय एकोणीस. पिछाडीचा होता विल्फ सगडन. संध्याकाळ व्हायला आली, धुकं उतरलं, आणि तिथेच दुधाच्या टँकरने रसेलला दगडी भिंतीशी चिरडलं. एक हात तेव्हाही हॅगडेलकडे होता म्हणे.

चौकशीत विल्फने टोपी हातात धरून सांगितलं, "मी त्याला म्हटलं होतं, मीच शेवटचा, चल आता. पोरानं ऐकलं नाही. काहीतरी मस्करी करत मागं राहिलं." सगळ्यांनी मान हलवली. तरणं पोर, दुसरं काय! क्लबने फुलं पाठवली.

एनिडला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हे खोटं आहे. ज्या पोराला लहानपणी "इथे थांब" म्हटलं तर दुकान बंद होईपर्यंत थांबायचं, ते सांगूनही निघालं नाही? डोंगर टाळून खालून गिरणीची एक सपाट वाट हॅगडेलला जाते. थंडीत चहा लवकर गाठायचा तर तीच बरी. विल्फ त्या वाटेने गेला होता. वर पोर उभं होतं आणि हा खाली टोस्टवर लोणी लावत होता. पण साक्षीदार कुणी नाही, आणि आईचं मन म्हणजे काही पुरावा नव्हे.

पुरावा नंतर मिळायला लागला. पुढच्याच हिवाळ्यात क्लबचा एक गडी हॅगडेलला पोचला तो पांढराफटक. कोल्ड स्टूपला धुक्यात कुणीतरी हात करून उभं होतं म्हणाला. त्याने विचारलं, "मागं अजून कुणी?" मग आणखी एकाला दिसलं. मग तिघांना. दिसायचं ते सहलीतल्यांनाच, धुक्यातच. कुणी घाबरून "आहेत, आहेत" म्हणायचं. कुणी टिवल्याबावल्या करत "मीच शेवटचा" म्हणायचं. पण रसेलनंतर क्लबने ती रीतच सोडली होती, कुणाच्याच खोगिराला लाल फडकं नसायचं. तो हात काही खाली येत नसे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. रसेलची मेल्यावरही गेली नव्हती.

एनिड एकटी कितीदा तिथे जाऊन उभी राहिली. धुक्यात, थंडीत, वाढदिवशी, ख्रिसमसला. तिला फक्त तो जुना वाटाड्या दगड दिसायचा, ज्यावर चार दिशांना चार पंजे कोरले आहेत, आणि मेंढ्या. पोरगं गटाची वाट बघत होतं. आई गटात नव्हती.

आणि आता या लोकांनी काय केलं होतं? वाटेच्या नकाशावर कोल्ड स्टूपपाशी एक गोजिरं चित्र छापलं होतं. हसरा मुलगा, हात केलेला. खाली 'मायाळू पोऱ्याचा चौक'. हॅगडेलच्या दुकानात तेच चित्र कपांवर आणि चहाच्या टॉवेलांवर. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणं यालाच म्हणतात. आणि वर त्या वाटेला नाव सगडनचं!

क्लबच्या खोलीत पोचली तेव्हा सगळे धुक्याकडे बघत चहा पीत होते. क्लबची चिटणीस कर्स्टी ही तरणी, गोड बोलणारी मुलगी. ती म्हणाली, "एनिड, आजचं रद्दच केलं गं. वर हात दिसत नाही इतकं दाट आहे. बस ना, गरम काहीतरी घे."

"विल्फ कुठाय?"

विल्फ शेकोटीपाशी होता. म्हातारा झाला होता, पण गुबगुबीत, लाल गालांचा. त्याने नवी बॅटरीची सायकल घेतली होती आणि तिचं कौतुक दोघांना ऐकवत होता. एनिड समोर उभी राहिली तसा थांबला.

"एनिड! ये, ये. काय हवा पडलीय!"

"ऊठ. आपण दोघं जातोय."

"कुठं?"

"तुझ्या वाटेनं. उद्घाटन आहे ना तुझं?" तिने पिशवीतून लाल कापड काढलं आणि त्याच्या मांडीवर टाकलं. "तू पिछाडीचा. मी पुढं राहीन. तू मागनं यायचं, त्या दगडापाशी थांबायचं, आणि पोरगं विचारेल त्याला जे त्या दिवशी सांगायचं होतंस ते सांगायचं."

विल्फ हसला. चोराचं हसू लगेच ओळखू येतं, ओठ हसतात आणि डोळे दाराकडे बघतात.

"अगं, ती गोष्ट आहे. पोराटोरांना सांगायची गोष्ट. आणि मी त्याला सांगितलं होतं, चौकशीत..."

"मग परत एकदा सांग. चार शब्द आहेत की नाहीत? तेवढ्यासाठी बॅटरी संपत नाही तुझी."

"एनिड, धुकं बघ..."

"पोरानं धुकं बघितलं नव्हतं का रे?" ती ओरडली. "या सगळ्यांसमोर सांग, भीती वाटते म्हणून. एवढं सांग आणि बस शेकत. मी जाते."

तरुण पोरं बघत होती. क्लबात विल्फ चाळीस वर्षं शूर म्हणून मिरवत आला होता. तो उठला, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटला आणि हेल्मेट घातलं. बाहेर एनिडने ते लाल फडकं त्याच्या खोगिराला स्वतःच्या हाताने बांधलं, दोन गाठी मारून.

गाव संपलं आणि चढ सुरू झाला. दोन्ही बाजूंना बिनचुन्याच्या दगडी भिंती, मधे गाडीभर रुंदीची डांबरी वाट. एनिड पुढे, विल्फ मागे. त्याच्या सायकलची मोटर डासासारखी गुणगुणत होती. भिंतीपलीकडून मधेच एखादी मेंढी खोकायची, अगदी माणसासारखी. धुकं इतकं की स्वतःचं पुढचं चाक तेवढं दिसे. एनिडला भीती वाटत नव्हती. आज ती सहलीत होती, मागे पिछाडीचा होता, रीत पुरी होती. आज तो तिला दिसणार होता. आधी ती पोचेल, त्याच्याकडे बघून घेईल, पिशवीतला पार्किन त्याच्या हातात देईल. मग विल्फ येऊन ते शब्द म्हणेल. एवढंच हवं होतं तिला. इतक्या वर्षांत दुसरं काही मागितलं नव्हतं.

मधल्या खड्या चढावर तिची साखळी निसटली. ती उतरली, सायकल उलटी केली आणि गारठलेल्या बोटांनी साखळी दातांवर चढवू लागली. गुणगुण जवळ आली.

"थांब रे जरा. साखळी उतरलीय."

गुणगुण थांबली नाही. विल्फ तिच्या बाजूने पुढे निघाला, नजर समोर ठेवून. "मी उरकून टाकतो, एनिड... सांगतो त्याला आणि मोकळा होतो. तू ये सावकाश."

"विल्फ! तू मागं राहायचंस! विल्फ, हरामखोरा!"

लाल फडकं धुक्यात गेलं. पुन्हा तेच. पुन्हा तस्संच! माणूस म्हातारा होतो, पण शहाणा होतोच असं नाही. एनिडने दात-ओठ खात साखळी चढवली, बोट कापलं, आणि पेडल मारायला लागली. दम पुरेना तेव्हा उतरून ढकलत पळू लागली. मागे कुठेतरी टिक-टिक-टिक असा मोकळ्या चाकाचा बारीक आवाज येत होता. भिंतींवरून आपल्याच सायकलचा आवाज उलटून येतोय, असं तिला वाटलं.

मग वरून बोलणं ऐकू आलं. धुक्यात आवाज फसवतात, लांबचे जवळ वाटतात. पण हा आवाज तिला झोपेतही ओळखता आला असता.

"मागं अजून कुणी, मिस्टर सगडन?"

किती अदबीने विचारत होता!

"ना... नाही. कुणी नाही पोरा. मीच शेवटचा. जा... जा तू आता."

"नक्की ना? मला कुणाचीतरी हाक..."

"कुणी नाही म्हटलं ना! जा!"

"रसेल!" एनिड किंचाळली. "मी आहे मागं! मी आहे रे!" पण चढाने तिला धाप लागली होती. आवाज घशातच फाटला. पलीकडच्या उतारावर एक सायकल सुटल्याची टिक-टिक ऐकू आली, भराभर लांब जाणारी. मग तीही नाही.

ती दगडापाशी पोचली तेव्हा तिथे विल्फ एकटाच उभा होता. सायकल रस्त्यात आडवी पडली होती. डावा हात हॅगडेलच्या दिशेला ताठ होता.

"गेला," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "मी सांगितलं, एनिड. तो गेला. पण हात... हात खाली येईना माझा. पाय उचलेनात."

एनिड त्याच्याकडे बघत राहिली. पोर सुटलं होतं. तिने आनंद शोधला, सापडला नाही. तिला त्याचं तोंड बघायचं होतं. हा माणूस दुसऱ्यांदा तेच खोटं बोलला होता, आणि दुसऱ्यांदा तिचं पोर तिच्या हातून गेलं होतं.

"मागं अजून कुणी?" विल्फने विचारलं. विचारल्यावर तो स्वतःच दचकला. "मी... मला विचारायचं नव्हतं. एनिड, म्हण ना. तूच शेवटची म्हण. म्हणजे मी सुटेन."

वारा अजिबात नव्हता. खोगिराचं लाल फडकं मात्र हलत होतं.

"आहेत," एनिड म्हणाली. "पुष्कळ आहेत मागं. थांब तू."

"खोटं! खोटं बोलतेस तू! कुणी नाहीये..."

"खोटं कसं लागतं, कळलं? उभा राहा. टँकर आला तर अंग चोर."

आणि ती सायकलवर बसली. मागून त्याचं रडणं येत होतं, वासराच्या हंबरण्यासारखं. तिने ब्रेक दाबले नाहीत. खरं सांगायचं तर त्या उतारावर तिला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांचा राग असा पोटातून मोकळा झाला, की ती मोठ्याने हसली. मागची टिक-टिकही तिच्याबरोबर उतरत होती.

हॅगडेलच्या चहाघरात दिवे लागले होते. मालकीण डॉट लम्ब फडक्याने एक टेबल पुसत होती. खालच्या फरशीवर पाण्याचं थारोळं होतं.

"बाई गं, तूही आलीस या हवेत? बस, बस. आत्ताच एक पोरगा येऊन गेला बघ. नखशिखांत भिजलेला, ओठ निळे. तुझ्यासारखीच जुनी जर्सी. टोस्टवर घेवड्याचे दाणे मागितले, आणि चहा. चहा दोन."

एनिडने खुर्चीची पाठ धरली. "दोन?"

"मी विचारलं, दुसरा कुणाला? तर म्हणे, वर आईची हाक आल्यासारखी वाटली, पण मिस्टर सगडन मागं कुणी नाही म्हणाले. तरी असू दे म्हणे. बसला दाराकडे तोंड करून. कशाला हात लावला नाही. मग एकदम उठला."

"कुठं गेला? डॉट, कुठं गेला तो?"

"म्हणे, पिछाडीचा अजून उतरला नाही, म्हणजे वर काहीतरी राहिलंय. बघून येतो. उलटा वर गेला की. तुला वाटेत भेटायला हवा होता."

टेबलावर दोन कप होते. दोन्ही भरलेले, आणि दोन्हींतून वाफ येत होती.

तेवढ्यात दार उघडलं आणि विल्फ आत आला. चिखलाने भरलेला. डावा हात अजून खांद्यातून ताठ होता, दाराच्या चौकटीला अडकला, म्हणून तो तिरका होऊन आत शिरला. तो एनिडसमोर बसला.

"त्यानं मला सोडवलं. म्हणाला, तुम्ही चहा घ्या, मिस्टर सगडन, गारठलात. मी थांबतो."

"तू त्याला काय सांगितलंस?"

"त्यानं विचारलं, मागं अजून कुणी..."

"तू काय सांगितलंस, विल्फ?"

म्हाताऱ्याने वर बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याचे डोळे दाराकडे गेले नाहीत. "त्याच्या बाबतीत तिसऱ्यांदा खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती, एनिड. तू सांगितलंस तेच सांगितलं. पुष्कळ आहेत म्हणालीस ना? तो म्हणाला, मग मला जागा सोडता येणार नाही."

एनिडने त्याच्या तोंडात मारली. दुसऱ्यांदा हात उचलला आणि तो तसाच राहिला, कारण आता तो कुणावर उगारायचा ते तिला कळेना. डॉट काहीतरी म्हणत होती. एनिड बाहेर धावली, विल्फच्या खोगिराचं लाल फडकं सोडू लागली. दोन गाठी तिनेच मारल्या होत्या. दातांनी सोडल्या. फडकं आपल्या खोगिराला बांधलं आणि चढाला लागली.

"मीच शेवटची," ती म्हणत होती. प्रत्येक पेडलला एकदा. "मीच शेवटची. माझ्या मागं कुणी नाही. चल, घरी चल. पार्किन आणलाय." रागाने रडत होती, स्वतःवरच्या. अंधारून आलं होतं. छाती फुटायला आली तरी ती उतरली नाही.

मग धुक्यात तो दगड दिसला. त्याच्याशेजारी कुणीतरी उभं होतं. बारीक अंगाचं, एक हात पसरलेला. ती पोचता पोचता त्याने मान वळवली, आणि तिला त्याचं तोंड दिसलं. भिजलेले केस कपाळावर चिकटलेले, तसेच.

"आई," तो म्हणाला. त्याला किती आनंद झाला होता! पण हात खाली आला नाही. आधी रीत. "आई, मागं अजून कुणी?"

एनिडने तोंड उघडलं.

तिच्या पाठीमागे, अगदी खोगिराशी, ती टिक-टिक येऊन थांबली, आणि अरुंद वाटेवर पुढे जायला जागा मागावी तशी हळूच, अदबीने, एका सायकलची घंटी वाजली.